ऑस्करची बंदूक आणि माझा अर्ज

ऑस्करचं पत्र इस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. रोज सकाळी चहा झाला की मी लिहायला बसायचो, 'प्रिय ऑस्कर' असं लिहायचो, स्वल्पविराम द्यायचो आणि उठायचो. मग गॅलरीत जायचो, परत यायचो, वाक्य पुढे सरकलेलं नसायचं. कागद वाया जाऊ नयेत म्हणून माझी नात रोशेल त्यांच्या पाठीवर चित्रं काढायची. आमच्या फ्रिजवर लावलेल्या प्रत्येक युनिकॉर्नच्या मागे 'प्रिय ऑस्कर,' आहे.

शारजात पोस्टमन दारी येत नाही. पत्रं येतात ती कंपनीच्या पोस्टाच्या पेटीत. त्यामुळे माझा मुलगा सॅम, तो नोकरी करतो त्या जबल अलीच्या गोदामातून, दोन तास ट्रॅफिकमध्ये उभा राहून, ते पाकीट घेऊन आला. "डॅडी, तुमचं खरंखुरं पत्र आलंय. तिकीट लावलेलं. ऑफिसमधले सगळे बघून गेले."

ऑस्कर माझा वसईचा शाळासोबती. बायको गेल्यापासून तो अमेरिकेत मुलीकडे, जीनकडे, राहतो. त्याने लिहिलं होतं :

'इथे नोव्हेंबरात हरणं मारायला जातात. मलाही चल म्हणतात. जीनचे सासरे माझ्याच वयाचे आहेत. त्यांनी स्वतःची जुनी छऱ्यांची बंदूक मला देऊ केली आहे, म्हणाले, तिला फक्त स्लग बॅरल बसवून घे. जावई म्हणतो, नको, तुम्ही नवी रायफल घ्या. आमच्या भागात आता कायद्याने दोन्ही चालतं, म्हणून तर वाद. बापलेक माझ्यासमोर तासभर बोलले आणि मी हसत बसलो. आता दोघंही विचारतात, काय ठरवलंत? कॅस्मिर, या घरात मला कोणी काही विचारत नाही. पहिल्यांदाच विचारलंय. मला चुकीचं बोलायचं नाही. तू बंदुकांचं पुस्तक तपासलं होतंस. तू सांगशील ते मी सांगेन. फोन करू नकोस. इथे जीन सोडून मराठी कोणाला कळत नाही, पण रायफल कळतं.'

बंदुकांचं पुस्तक मी तपासलं होतं हे खरं आहे. मी गिरगावात एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. पण मुद्रितं तपासणारा माणूस मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. त्या पुस्तकातलं मला आज एवढंच आठवतं की दुसऱ्या प्रकरणातलं वाघाचं चित्र उलटं छापलं गेलं होतं आणि मालकांनी त्याबद्दल मला दोषी धरलं होतं.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी (उन्हाळ्यापर्यंत मीही त्यांच्यातच होतो) थोडक्यात सांगतो. रायफलीतून एक टोकदार गोळी सुटते, ती लांब आणि सरळ जाते. छऱ्यांच्या बंदुकीतून मूठभर छर्रे उडतात, ते पाखरांसाठी. पण तिच्यात छऱ्यांऐवजी अंगठ्याएवढा शिशाचा एकच गोळा घातला, त्याला म्हणतात स्लग, आणि तिची नळी काढून आतून पीळ पाडलेली दुसरी नळी बसवली, तर तीच बंदूक हरणासाठी चालते. गोळा लांब जात नाही, खांद्याला दणका मात्र जोरदार बसतो. म्हणजे रायफलीची गोळी लांब जाते हा तिचा गुण आणि लांब जाते हाच तिचा दोष. असा विषय माझ्यासारख्याच्या हाती देऊ नये. मी केशकर्तनालयातही 'बारीक की मध्यम' या प्रश्नावर घाम पुसतो.

तर मी वाचत राहिलो. सॅमच्या जुन्या लॅपटॉपवर अमेरिकन शिकाऱ्यांचे वाद वाचले. तिथे प्रत्येकजण आपलं मत असं मांडतो की दुसरं मत असणारा माणूस कधी शिकारीला गेलाच नसावा. सकाळी मी रायफलीचा असायचो, जेवणानंतर स्लगचा. टिपणं वाढत गेली आणि त्यांना समास, तळटीपा, पोटविभाग आले. उत्तर मात्र आलं नाही. चुकून वाईट सल्ला दिला आणि त्याच्या खांद्याचं हाड सरकलं तर? किंवा हरीण नुसतं जखमी होऊन कुठेतरी झुडपात पडलं तर? मी त्या हरणाला रोज डोळ्यांसमोर बघत होतो. त्याची नजर माझ्यावर असायची, ऑस्करवर नाही.

ऑक्टोबरात जीनचा फोनवर मेसेज आला. 'अंकल, डॅडी रोज मेलबॉक्सपर्यंत चालत जातात. तुम्ही त्यांना काही पाठवलंय का? विचारलं तर म्हणतात, कॅटलॉगची वाट बघतोय.'

त्या दिवसापासून मला बसवेना. मी हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून गॅलरीत असा फिरू लागलो. लिफ्टने खाली जायचो आणि का उतरलो ते न आठवून वर यायचो. वॉचमनने मला विचारलं, "बाबा, कुछ खो गया?" मी हो म्हणालो, कारण नाही म्हणून खुलासा करणं जास्त अवघड होतं.

घरात ही गोष्ट फुटली ती रोशेलच्या टॅबलेटमुळे. लॅपटॉप आणि टॅबलेट यांची आतून काहीतरी सोयरीक असावी. मी काय वाचतो ते तिला कळायचं. गणिताच्या गृहपाठामध्ये एकाएकी चट्ट्यापट्ट्यांच्या शिकारी पँटच्या जाहिराती येऊ लागल्या.

"मम्मा," रोशेल जेवताना म्हणाली, "ग्रँडपा इज बाइंग अ गन. दॅट्स सो कूल."

लिनेटने, म्हणजे माझ्या सुनेने, चमचा खाली ठेवला. ती हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते आणि कितीही भयंकर गोष्ट ऐकली तरी तिचा आवाज चढत नाही. "डॅडी, पुढच्या आठवड्यात तुमचा व्हिसा रिन्यू करायचाय. तोपर्यंत फक्त बायबल वाचा."

"बायबलात काय कमी मारामाऱ्या आहेत," सॅम म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "एवढं काय आहे त्यात? एक काहीतरी लिहून टाका. टॉस करा."

टॉस. मी त्याच्याकडे बघत राहिलो. याला मी वाढवलं. त्याच्या मागे भिंतीवर त्याच्या लग्नाचा फोटो होता. त्यात मी एका मोठ्या कोटात उभा आहे, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आलेल्या. त्या फोटोतही माझा चेहरा कोणीतरी टॉस करायला सांगितल्यासारखाच आहे.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहुलकडे गेलो. राहुल साताऱ्याचा, विमा कंपनीत आहे. त्याला प्रत्येक विषयातलं कळतं आणि तो ते लगेच सांगतो. माझ्यासारख्या माणसाला अशा लोकांची भुरळ पडते.

"काका, रायफलच," तो म्हणाला. मी अजून प्रश्न पूर्ण केला नव्हता. "माझे मामा आर्मीत होते."

"कँटीनमध्ये होते," आतून त्याची बायको मनाली म्हणाली.

"आर्मीच्याच ना? पण काका, नेटवर वाचून होणार नाही. वस्तू हातात घेऊन बघितली पाहिजे. शिकारीच्या सामानाचं एक मोठं दुकान मला माहितीये. जाऊन विचारायचं, सिंपल."

दुकान खरंच मोठं होतं. पुढे बहिरी ससाण्यांच्या चामडी टोप्या, तंबू, कॉफीची भांडी. मागे काचेच्या दाराआड बंदुका. मी टोप्यांजवळ बराच वेळ घालवला. कशाचीच खरेदी करायची नसली की मी अपराध्यासारखा वागतो आणि मग दुकानदार खरंच लक्ष ठेवू लागतात. शेवटी एक सेल्समन आला.

"मला काही घ्यायचं नाही," मी इंग्रजीत म्हणालो. बंदुकीच्या दुकानात शिरून बोलण्यासाठी हे वाक्य चांगलं नाही, हे बोलल्यावर लक्षात आलं. "फक्त विचारायचं आहे. रायफल बरी की स्लग बॅरल."

"परमिट?"

"माझ्यासाठी नाही. मित्रासाठी."

"मित्राचं परमिट?"

"तो अमेरिकेत आहे. हरीण मारणार आहे. पण अजून ठरलेलं नाही."

सेल्समनने माझ्याकडे, मग राहुलकडे पाहिलं. राहुल अचानक कॉफीच्या भांड्यांत रमला होता. "सर, काचेच्या आतल्या वस्तूबद्दल बोलायचं तर कागद पाहिजे," सेल्समन नम्रपणे म्हणाला. "कागद आणा, मग मी संध्याकाळपर्यंत बोलेन."

परतताना राहुल म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. चूक आपली. इथे कुठलीही गोष्ट कागदाने सुरू होते. टायपिंग सेंटरला जाऊ. माहितीसाठी विनंती, असं एक लेटर अरबीत टाइप करून घेऊ."

शारजाच्या रोल्ला भागात दर चार दुकानांमागे एक टायपिंग सेंटर आहे. माणूस आत मराठी, मल्याळम किंवा बंगाली असा शिरतो आणि बाहेर अरबी होऊन येतो. राहुलच्या ओळखीचं सेंटर ओवेसचं. ओवेस हैदराबादचा. तो आपल्याकडे न बघता बोलतो आणि बोटं थांबवत नाही.

राहुलने सगळं समजावून सांगितलं. ऑस्कर, व्याही, जावई, हरीण, दुकान.

"किसको क्या चाहिए, वो बोलो," ओवेस म्हणाला.

"इनको सिर्फ पूछना है."

बोटं पहिल्यांदा थांबली. "चाचा, सिस्टममें पूछना नहीं होता. अर्जी होती है. नया, रिन्यूअल, कॅन्सल, गुम हो गया. चारमें से एक बोलो."

मी विचार करू लागलो. खरं तर 'गुम हो गया' हे मला सगळ्यांत जवळचं वाटलं. पण राहुल म्हणाला, "नया डालो, यार. नीचे लिख देंगे इन्फर्मेशनके लिए."

"नीचे जगह होगी तो," ओवेस म्हणाला. माझं ओळखपत्र मशीनमध्ये गेलं. फोन नंबर सॅमचा आला, कारण माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे आणि इथल्या सरकारच्या लेखी मी त्याचं मूल आहे. मग प्रिंटरमधून एक देखणा कागद बाहेर आला.

आता जे झालं ते मी लपवत नाही, कारण ते माझ्या व्यवसायाशी सुसंगत आहे. मी तो कागद तपासला. मला अरबीचं एक अक्षर येत नाही. पण समोर छापील कागद आला की माझी नजर आपोआप फिरते. मी समास बघितला, ओळींमधलं अंतर बघितलं, पूर्णविराम मोजले. तिसरी ओळ किंचित आत सरकली होती. मी ती ओवेसला दाखवली. त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं आणि ती सरळ करून पुन्हा छापली. मी समाधानाने सही केली. आयुष्यात एकाही मजकुरावर मी इतक्या निर्धास्तपणे सही केली नव्हती.

"यल्ला, खलास," ओवेस म्हणाला आणि त्याने कुठलीशी कळ दाबली.

कागद दुकानात न्यायचा आहे असं मी समजत होतो. तो आधीच पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॅमचा फोन आला. मागे गोदामातल्या गाड्यांचे भोंगे वाजत होते. "डॅडी, तुम्ही कुठे आहात?"

"गॅलरीत."

"तिथेच थांबा. मी मीटिंगमध्ये होतो. क्लायंटसमोर मला मेसेज आला. अरबीत. मी तो आमच्या पीआरओला, सरकारी कागद बघतो त्याला, वाचायला दिला. त्याने तो सगळ्यांना वाचून दाखवला. तुमच्या अवलंबित व्यक्तीने हरणाच्या शिकारीसाठी शस्त्राचा नवा परवाना मागितला आहे. अर्ज विचाराधीन आहे."

"तिथे खाली माहितीसाठी असं..."

"खाली जागा नसेल, डॅडी."

संध्याकाळी कळलं की माझ्या व्हिसाचं काम थांबलं आहे. माझ्या नावावर एक उघडा अर्ज असताना दुसरा पुढे सरकत नव्हता. इमारतीतही बातमी पोहोचली होती. लिफ्टमध्ये एक बाई मुलाला माझ्यापासून जरा लांब ओढून उभी राहिली. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं की परवाना मिळाला तर त्यांच्या गच्चीवरच्या कबुतरांचं काही बघता येईल का.

राहुल रात्रीच्या जेवणाआधी आला. "काका, मी सांगत होतो, विचारपूर्वक करा."

"कधी सांगत होतास?" आतून नव्हे, या वेळी अगदी त्याच्या शेजारून मनाली म्हणाली.

सॅमने सुट्टी काढली आणि मला परवान्यांच्या सरकारी कार्यालयात नेलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात ऑस्करचं पत्र होतं. ते माझ्या खिशात तेव्हा कायमच असायचं. घड्यांवर ते विरलं होतं. टेबलामागे एक तरुण अधिकारी होती, जैनब तिचं नाव. तिने आधी आमच्यापुढे कॉफी आणि खजूर ठेवले. मला खजुराची बी कुठे ठेवावी ते कळेना. ती मी मुलाखत संपेपर्यंत मुठीत धरली. जैनब इंग्रजीत बोलत होती, मी इथे मराठीत देतो.

"बाबा, कुठलं हरीण?"

"अमेरिकेतलं."

"इथल्या हरणाला हात लावायला बंदी आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"मी कुठल्याच हरणाला लावणार नाही. मला ती आवडतात."

"मग बंदूक?"

मी सांगू लागलो. मला सरळ सांगता येत नाही. मी रायफलीपासून सुरुवात केली, मध्येच नळीला पीळ का पाडतात तिकडे गेलो. सॅमने डोळे मिटले. जैनबने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. मी पत्र दिलं. तिने तिकीट पाहिलं, न कळणाऱ्या लिपीवरून नजर फिरवली, विरलेल्या घड्या पाहिल्या.

"हे कधी आलं?"

"इस्टरच्या आधी."

"आणि तुमचं उत्तर?"

मी खजुराची बी या मुठीतून त्या मुठीत घेतली. "अजून दिलेलं नाही."

"एवढी सगळी चौकशी केलीत, दुकानात गेलात, अर्ज केलात, आणि ज्याने विचारलं त्याला काहीच नाही?"

"खात्री झाल्याशिवाय कसं लिहायचं?"

"अर्ज रद्द होईल, काळजी करू नका. पण फाइलमध्ये दाखवावं लागेल की शस्त्र तुमच्यासाठी नव्हतं, पत्रव्यवहार होता. एका बाजूने आलेलं पत्र म्हणजे पत्रव्यवहार नव्हे. उत्तर लिहून आणा. दोन्हीचं अरबी भाषांतर, कायदेशीर शिक्क्यासह. इन्शाल्ला, त्याच दिवशी बंद करून देते."

गाडीत बसल्यावर सॅम म्हणाला, "डॅडी, एक पत्र. शारजा सरकारला सांगावं लागलं की मित्राला उत्तर लिहा."

घरी येऊन मी माझी टिपणं सलग उतरून काढली. तळटीपांसह. ते बाड घेऊन आम्ही भाषांतराच्या ऑफिसात गेलो. तिथले गृहस्थ सुदानी, वयस्कर, माझ्यासारखाच चष्मा लावणारे. त्यांनी बाडाचं वजन हातावर घेतलं आणि पानाचा दर सांगितला. सॅमने तो दिऱ्हममध्ये ऐकला, रुपयांत मोठ्याने गुणला आणि खुर्चीवर बसला.

"शिवाय मराठीतून मी करत नाही, इंग्रजी करून आणा," गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी कुठलंही पान उघडून मला विचारलं, "यात काय म्हटलंय?"

"कदाचित रायफल सोयीची पडेल, पण काही परिस्थितींत कदाचित नाही."

"मी 'कदाचित'चं भाषांतर करू शकतो," ते सौम्यपणे म्हणाले. "पण ते विचारतील, हो की नाही. मग तुम्ही पुन्हा याल. मला पैसे मिळतील, पण मला वाईट वाटेल."

म्हणून शुक्रवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे जमले. इंग्रजी करायला मनाली, तिच्याबरोबर राहुल, कारण त्याला थांबवता आलं नाही. लिनेट भाज्या चिरत होती. मनाली एकेक पान वाचायची आणि बाजूला ठेवायची.

"काका, हे पान म्हणजे काय आहे?"

"मागच्या पानाला अपवाद."

"आणि हे?"

"त्या अपवादाला."

राहुल म्हणाला, "मी आजही रायफलच म्हणतो. नवी वस्तू ती नवी. लोकांना दिसली पाहिजे. व्याह्यांपुढे इंप्रेशन पडतं."

मी उठून फेऱ्या मारू लागलो. हॉल, किचन, गॅलरी. ऑस्कर मेलबॉक्सपर्यंत चालत जात असेल. तिथे आता थंडी पडली असेल. तो मफलर नीट बांधत नाही, शाळेतही बांधत नसे. मी परत आलो तेव्हा लिनेट सुरी धरून ऑस्करचं पत्र वाचत होती. मीच ते टेबलावर ठेवलं होतं.

"डॅडी," ती म्हणाली, "ही बंदूक त्यांच्या व्याह्यांची स्वतःची आहे?"

"हो. जुनी आहे. पण जुन्या बंदुकीबद्दल दोन मतं आहेत, एक असं की..."

"त्यांनी ती आपणहून दिली?"

"हो."

तिने सुरी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "आणि तो कोट कोणाचा?"

सॅम हसायला लागला. कोट लिनेटच्या वडिलांचा होता. लग्नाच्या सकाळी माझ्या कोटाची पाठ उसवली आणि व्याह्यांनी आपला दुसरा कोट आणून माझ्या खांद्यांवर घातला. सॅम म्हणत होता, डॅडी, अर्ध्या तासात दुकानातून नवा आणतो. मी नको म्हणालो. मला वाटलं होतं की मी लाजेखातर नको म्हणालो.

"पप्पा आजसुद्धा सगळ्यांना सांगतात," लिनेट म्हणाली. "माझा कोट घालून व्याही चर्चमध्ये उभे राहिले. त्या दिवशी तुम्ही नवा आणला असतात ना डॅडी, तर पप्पांनी छानच म्हटलं असतं. आणि परत कधी काही दिलं नसतं."

मी खाली बसलो. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, उठायची घाई न वाटता बसलो. मी एवढं वाचलं होतं, पण त्या सगळ्या शिकाऱ्यांपैकी कोणालाच व्याही नव्हते. निदान त्यांनी तसं कुठे लिहिलं नव्हतं. मी पत्र पुन्हा पाहिलं. ऑस्करने सगळं लिहिलंच होतं. मी नळीच्या पिळाकडे बघत बसलो होतो.

"पेन द्या," मी म्हणालो. रोशेलने तिचं जांभळं दिलं.

'प्रिय ऑस्कर,

स्लग बॅरल घे. रायफल नको. दणका जोरात बसतो म्हणतात, तर खांद्याशी टॉवेलची घडी ठेव आणि त्याची लाज बाळगू नकोस. गोळा लांब जात नाही, पण तुझी नजर तरी कुठे लांब जाते. खरं कारण वेगळं आहे. ती बंदूक व्याह्यांची आहे आणि ती त्यांनी तुझ्या हातात दिली आहे. ती धर. जावयाला सांग, मी ठरवलं. वेळ आल्यावर चाप ओढवला नाही तर ओढू नकोस. व्याह्यांच्या शेजारी बस, थर्मासातला चहा अर्धा त्यांना दे. मफलर नीट बांध.

कॅस्मिर

ता. क. वर उल्लेखलेलं शस्त्र माझ्यासाठी नसून ते बाळगण्याची माझी इच्छा नाही. (हे वाक्य तुझ्यासाठी नाही.)'

मनालीने एकदा वाचलं आणि इंग्रजी लिहायला घेतलं. फक्त व्याही या शब्दाशी ती अडली. "मुलीच्या नवऱ्याचे वडील असं लिहू? फारच कोरडं वाटतं."

"लिही," मी म्हणालो. "त्याला कळेल ते मूळ पत्रात आहे."

राहुल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा, मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

सुदानी गृहस्थांनी भाषांतर केलं आणि पैसे एका पानाचे घेतले. दोन्ही पत्रं एका पानात बसत नव्हती, हे मला दिसत होतं, पण त्या बाबतीत मी काही बोललो नाही. वाचताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "चहाचं चांगलं लिहिलंय."

जैनबने अरबी प्रत वाचली, मग पुन्हा वरून वाचली. "माझ्या आईच्या वडिलांकडे अशी एक बंदूक होती," ती म्हणाली. "माझ्या आईच्या सासऱ्यांनी दिलेली. कधी उडवली नाही. रोज पुसायचे." तिने अरबी प्रत फाइलमध्ये ठेवली. मग नियमानुसार माझ्या जांभळ्या अक्षरातल्या मूळ पत्राच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, एक मोठा गोल शिक्का मारला, त्यावर सही केली आणि ते मला परत दिलं. "खलास. अर्ज बंद. उत्तर आलं की मला सांगा, त्यांनी काय केलं."

मी तो शिक्का बराच वेळ बघितला. जन्मात मी कोणाला खात्रीने सल्ला दिला नव्हता, आणि आता जो दिला होता त्याच्या मागे सरकारी शिक्का होता. ऑस्कर पत्र उलटं करून बघेल तेव्हा त्याला काय वाटेल ते मला सांगता येत नाही. जावयाला दाखवायला मात्र बरं.

तिथून सॅमने मला थेट पोस्टात नेलं. घरी नेलं तर मी काय करेन ते त्याला माहीत होतं. रांगेत मी पाकीट दोनदा उघडलं. पहिल्या वेळी टॉवेल हा शब्द नीट लागतो का ते बघायला आणि दुसऱ्या वेळी काहीच कारण नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"अंदर क्या है, अंकल?"

"पत्र."

"सिर्फ चिट्ठी?" त्याला जरा नवल वाटलेलं दिसलं. "अर्जंट?"

सॅम माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो. सगळ्यांत लवकर जातं ते."

त्याने पावती फाडली, तिकीट चिकटवलं आणि पाकीट मागच्या पेटीत टाकलं. माझा हात काउंटरवरून किंचित पुढे गेला.

"आता परत मिळेल का?" मी विचारलं. सॅमने त्याला हिंदीत सांगितलं.

"क्यों? कुछ ग़लत लिख दिया?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि पावती खिशात, जिथे इतके दिवस ऑस्करचं पत्र असायचं तिथे, ठेवून बाहेर उन्हात आलो.